पान्यावरचा आकडा

अण्णांच्या मेहुण्याच्या गाडीला टर्बो होता, आणि मेहुण्याच्या तोंडालाही तो बसवलेला असावा असं अण्णांचं मत होतं. दोन्ही एकदा सुरू झाले की गरम हवेखेरीज बाहेर काही पडत नाही, असं ते चारचौघांत खुशाल सांगायचे. टर्बोला ते टर्बो म्हणतच नसत, फुंकणी म्हणत. "इंजिनात स्वतःचा दम नसला की माणूस फुंकणी लावतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मेहुणाही काही मुखदुर्बळ नव्हता. "दाजी, तुमचं इंजिन म्हणजे नुसता आरडाओरडा. मिनिटाला साडेसात हजार फेरे झाल्याशिवाय त्याला जाग येत नाही. माझं तीन हजारांवरच गाडी उचलून फेकतं." मग ताटातलं अन्न निवेपर्यंत दोघं थांबत नसत.

बावीस वर्षं हा वाद चालला होता. दोघांनी एकाच आठवड्यात एकाच बनावटीच्या दोन जुन्या स्पोर्ट्स कार घेतल्या होत्या, बुटक्या, दोन दारांच्या, चार सिलिंडरच्या. एकाने फुंकणी लावली. दुसऱ्याने इंजिन पुन्हा पुन्हा उघडून आतला एकेक भाग हलका केला, म्हणजे ते जास्त फिरेल. शेवटी त्यांच्या गाड्यांच्या क्लबातल्या दंतवैद्यबाईंचं डोकं उठलं. त्या म्हणाल्या, "रविवारी सकाळी धावपट्टीवर या. सरळ दीड किलोमीटर. हरेल त्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, तुझं बरोबर, माझं चूक." बावीस वर्षांत यातला एकही शब्द दोघांपैकी कुणाच्या तोंडून निघाला नव्हता, त्यामुळे पैज लहान नव्हती.

धावपट्टी जुनी, विमानांनी सोडून दिलेली. भेगांतून गवत आलं होतं, पण मधला पट्टा क्लबाने झाडून लख्ख केला होता. एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला काँक्रीटची भिंत. आठ वाजता मेहुण्याने आपली गाडी पळवली. बाईंनी घड्याळ दाबलं, आकडा सांगितला, आणि शेडमधल्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकडा चांगलाच होता. अण्णांनी तो ऐकला आणि नाकाने हवा सोडली.

"आमचं इंजिन याच्यापेक्षा दोन सेकंदांनी लवकर जाईल," ते म्हणाले. "पोरगी चालवतेय. साडेसात हजारांपर्यंत ओढू दे, काही होत नाही. मी बांधलंय ते."

पोरगी म्हणजे त्यांची लेक. सव्वीस वर्षांची, गॅरेजात बापाच्या बरोबरीने काम करणारी आणि बापाइतकीच हेकट. गेल्या वर्षी अशाच एका शर्यतीत तिचं नाव लागलं होतं, पण ऐन वेळी अण्णांनीच तिला उतरवलं आणि स्वतः जाऊन बसले. ते तिने बोलून दाखवलं नव्हतं. विसरलीही नव्हती.

ती गाडीत बसून हातमोजे चढवत होती. मेहुणा तिच्या दाराला टेकून उभा होता, जिंकल्याच्या आनंदात. "अगं, तुझ्या बापाचं इंजिन म्हणजे नियमांची शाळा. बोल्ट आवळायचा, टक आवाज ऐकायचा, मग पिवळ्या पेनाने खूण करायची. काम संपलं की पान्याचा आकडा खाली उतरवून ठेवायचा. देवाची पूजा इतकी कुणी करत नाही."

"पूजा नाही मामा, काम आहे ते," लेक म्हणाली. "आणि मी एकही नियम मोडत नाही. गुरुवारी तुम्ही अण्णांना अर्ध्या कामातून अंगणात ओढून नेलंत ना, तुमच्या टर्बोचा आवाज ऐकवायला? पाना तसाच ताणलेला पडला होता. मीच आकडा तळाला आणून ठेवला."

तिने हेल्मेट घातलं. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं.

टॉर्क पाना म्हणजे काय, हे तिथल्या सगळ्यांना पाठ होतं. मुठीजवळचं कडं फिरवून हवा तो आकडा लावायचा. बोल्ट तेवढा आवळला गेला की पाना टक करतो, हात थांबवायचा. काम झालं की कडं फिरवून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायचं, नाहीतर आतली स्प्रिंग थकते आणि पाना खोटं बोलू लागतो. हा नियम अण्णांनीच लेकीला ती बारा वर्षांची असताना शिकवला होता. तिने तो पाळला होता, बस.

गुरुवारी ते इंजिनाच्या पोटातले बोल्ट आवळत होते. चार पिस्टन, त्यांना इंजिनाच्या मुख्य दांड्याशी जोडणारे चार कनेक्टिंग रॉड, प्रत्येक रॉडला दोन बोल्ट, म्हणजे आठ. आकडा पासष्ट. चार झाले, चार पिवळ्या खुणा झाल्या, तेवढ्यात मेहुणा आला आणि "चला, ऐका तरी," म्हणत त्यांना अंगणात घेऊन गेला. पाव तास भांडण झालं. मग मेहुणा बोलत बोलत त्यांच्या मागोमाग आत आला, आणि त्याला उत्तरं देत देत अण्णांनी उरलेले चार आवळले. टक, खूण. टक, खूण. पाना उचलताना आपण आकडा बघितला होता का?

त्यांना मेहुण्याला दिलेलं एकेक उत्तर आठवत होतं. आकडा बघितल्याचं मात्र आठवत नव्हतं. पान्याचा तळाचा आकडा तीस होता.

अण्णा तिथेच उभे राहिले आणि हिशेब करत राहिले, कारण हिशेब करताना निदान बोलावं लागत नाही. फेरे दुप्पट झाले की त्या बोल्टांवरचा ताण चौपट होतो. परवाच्या चाचणीत गाडी चार हजारांच्या वर नेली नव्हती, म्हणून टिकली असेल. साडेसात हजारांवर टिकणार नाही. एकदा एका गाडीचा रॉड तुटताना त्यांनी पाहिला होता. तो इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, सगळं तेल मागच्या चाकांखाली गेलं आणि गाडीने गिरकी घेतली. चालवणारा वाचला, पण तेव्हापासून काठी घेऊन चालतो. आणि तिथे रस्त्याच्या टोकाला भिंतही नव्हती, इथे होती.

पण खात्री कुठे होती? बघितलाही असेल आकडा. तीस वर्षांचा हात आहे, तीस आणि पासष्टमधला फरक हाताला कळला नसता का? भांडणात कळला नसेल. "पाच हजारांच्या वर नेऊ नको," असं हळूच कानात सांगावं का? सांगितलं असतं तर तिने आठ हजारांवर नेली असती. लेक कुणाची होती!

"थांब गं," ते म्हणाले. "ऑइलचं प्रेशर कमी दिसतंय."

हे खोटं होतं, आणि चांगलं खोटंही नव्हतं. दंतवैद्यबाई लगेच खिडकीतून आत वाकल्या. रोग्याच्या तोंडात डोकावायची सवय असलेल्या बाई त्या, एका नजरेत काटा बघितला. "व्यवस्थित आहे की. उलट छान आहे."

"मग... तेल अजून गरम नाही झालं."

"झालंय," लेक म्हणाली.

मेहुण्याला आता उकळ्या फुटत होत्या. "दाजी, सरळ सांगा ना, माझा आकडा ऐकून पोटात गोळा आला. एवढंच म्हणायचंय, तुझं बरोबर, माझं चूक. मी शिकवू का?"

शेडमध्ये हशा पिकला. लेक हसली नाही. तिने हेल्मेटची काच वर केली आणि बापाकडे बघितलं. त्या नजरेतलं गेलं सबंध वर्ष अण्णांना स्पष्ट दिसलं.

"मी चालवतेय म्हणून ना, अण्णा? यंदाही?"

"तसं नाही."

"मग कसं?"

एवढ्या माणसांसमोर, ह्या मेहुण्यासमोर, मी बांधलेल्या इंजिनाचा मलाच भरवसा नाही, हे म्हणायचं कसं? गॅरेजच्या दारावर त्यांनी पाटीसुद्धा लावली नव्हती. अण्णांनी बांधलंय, एवढंच लोकांना पुरायचं. दुसऱ्याने मोजलेलं ते पुन्हा मोजायचे, आणि आपलं मोजलेलं कुणाला मोजू द्यायचे नाहीत. लेकीने एकदा "अण्णा, आकडा बघू का?" असं विचारलं होतं, तर "माझा आकडा मी बघतो," म्हणून तिला गप्प केलं होतं.

लेकीने काच खाली केली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

इंजिनाचा आवाज चढला. सुरेख आवाज होता, ती गाडी नेहमीच अशी गायची, आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना त्या आवाजाची भीती वाटली. गाडी हलली. ते पळाले. गुडघा दुखत होता, तो तसाच ओढत ते गाडीच्या पुढ्यात गेले आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभे राहिले. गाडी गचका खाऊन थांबली, त्यांच्या नडगीपासून वीतभर अंतरावर. बॉनेट तापलेलं होतं. त्यांनी हात काढले नाहीत.

"बंद कर!" ते ओरडले. "मी चुकलोय! रॉडचे चार बोल्ट मी तीसवर आवळलेत! बंद कर ते इंजिन!"

लेकीने चावी फिरवली. बाईंच्या हातातलं घड्याळ तसंच चालू राहिलं. ते थांबवायचं त्या विसरल्या होत्या.

लेक उतरली. हेल्मेट काढलं, तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. कुठले चार आणि का, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. "मी उतरवला पाना," ती म्हणाली. "अण्णा, मीच उतरवला."

"म्हणजे पोरीची चूक," मेहुणा म्हणाला. सवयीने बोलून गेला तो, मनातून नव्हे.

"अजिबात नाही!" अण्णा त्याच्यावर असे गरजले की तो दोन पावलं मागे सरला. "तिने मी शिकवलं तेच केलं. पाना हातात घेताना आकडा बघायचा, हे माझं काम होतं. मी तुझ्याशी भांडत होतो. आणि खोटंही बोललो आत्ता. तेलाला काही झालेलं नाही."

कुणी हसलं नाही. अजून खात्री कुठे आहे, असं कुणीतरी समजुतीने म्हणालं. खात्रीच करायची होती. शेडमध्ये गाड्या खालून तपासायला खणलेल्या खड्ड्यावर गाडी ढकलत नेली, इंजिन निवू दिलं, तेल काढलं, खालचा ऑइल चेंबर उतरवला. तासभर गेला. धावपट्टी मोकळी होती, पण कुणी गाडी काढली नाही. मेहुणा खड्ड्यात उतरला आणि उजेडासाठी बॅटरी धरून उभा राहिला. त्याच्या नव्याकोऱ्या शर्टावर तेल ठिबकत होतं, त्याने पुसलंही नाही.

अण्णांनी पाना पासष्टवर लावला. बोल्ट नीट आवळलेला असेल, तर पाना टक करेल आणि बोल्ट जागचा हलणार नाही. पहिला. टक. हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथा, तसेच. चारही बोल्टांवरच्या पिवळ्या खुणा एका रेषेत राहिल्या.

पाचव्याला पाना लावला आणि बोल्ट फिरला. लोण्यातून फिरावा तसा फिरला. पिवळी खूण सरकत गेली, सरकतच गेली, आणि मग कुठे टक झालं.

मेहुण्याने बॅटरी आणखी जवळ धरली. "दाजी," तो म्हणाला. त्याला ती भिंत दिसत असावी. अण्णांनाही तीच दिसत होती. सहावा फिरला. सातवा फिरला. आठव्यापाशी पोचल्यावर त्यांनी पाना खाली घेतला.

"गाडी आज पळणार नाही," ते म्हणाले. "घरी ओढून नेऊ. आठही बोल्ट नवे घालायचे."

"आणि हा?" लेकीने विचारलं. ती त्यांच्या शेजारी उतरून उभी होती.

अण्णांनी पाना तिच्या हातात दिला.

तिने तो लगेच बोल्टला लावला नाही. आधी बॅटरीच्या उजेडात धरला, कडं बघितलं, अंगठ्याने तेल पुसून पुन्हा बघितलं. "पासष्ट," ती मोठ्याने म्हणाली, वर उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असं. मग पाना तिने बापासमोर धरला. "अण्णा, तुम्हीही बघा."

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. तेलकट हातांनी तो डोळ्यांवर चढवला आणि आकडा नीट बघितला.

"पासष्ट," ते म्हणाले. "तुझं बरोबर."