गोळा, गोल्टी आणि बरणी

अमरीन मॅडमनी शाळेमागं खड्डा खणायला घेतला, तेव्हा अख्ख्या वस्तीला वाटलं, चला, एकदाची मुतारी झाली. आळे गावाच्या पुढची ती वस्तीवरची शाळा, मागणी फार जुनी होती.

अमरीनच्या मनात भलतंच होतं. चौथीच्या पोरांना पुस्तकातलं उत्खनन स्वतःच्या हातानं करू द्यायचं. तळाला लाल मुरूम, मधे राख, वर काळी माती. जितकं खोल तितकं जुनं. वरच्या थरात प्लॅस्टिकची बुचं पुरायची, मधल्यात फुटकी मडकी. तळाला काय पुरायचं, इथं मात्र घोडं अडलं होतं.

खरं तर तिला धीर होत नव्हता. ओतूरला घरी माळ्यावरच्या पिशवीत अम्मीच्या बरणीचे तुकडे होते. चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरी, अम्मीच्या आईनं लोणच्यासकट दिलेली. घर बदलताना ती टेम्पोत फुटली तेव्हा अम्मी, म्हणजे जोहराबी, कितीतरी दिवस धड जेवल्या नव्हत्या. तुकडे टाकून द्यायची छाती घरात कुणालाच झाली नाही.

"मातीत पुरायला मागतीस?" जोहराबींनी विचारलं.

"परत आणते, अम्मी. सगळेच्या सगळे."

जोहराबींनी पिशवी आत नेली, बऱ्याच वेळानं आणून दिली. "एकबी हरवला तर मला तोंड दाखवू नको."

बरणीचे तुकडे तळाच्या मुरमात पुरले गेले. खोदायच्या दिवशी पोरांना खुरपी आणि ब्रश मिळाले. ज्या थरात सापडेल त्या थराच्या पाटीत टाकायचं, असं अमरीननं घोकून घेतलं. नेमकं तेव्हाच मुख्याध्यापकांनी तिला कसल्याशा ऑनलाइन माहितीसाठी आत बोलावलं. ती परत येऊन बघते तर खड्डा रिकामा, पाट्या रिकाम्या आणि पोत्यावर तीन ढीग: मोठे तुकडे, मधले, बारके. सगळ्या थरांची खिचडी.

"गोळा, गोल्टी, चिंगळी," चौथीतली संस्कृती ऐटीत म्हणाली. कांदेवाल्यांची पोरं ती. जमिनीतून निघालं की आकारानं निवडायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं.

अमरीनला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. "अगं, आता कुठला तुकडा कुठल्या थरातला, हे कसं कळायचं?"

संस्कृतीनं दोन तुकडे उचलून पाहिले. "ह्याला राख हाये. ह्याला मुरूम."

"तुम्ही धुतले नाहीत?"

"काढलेला माल धुत्यात व्हय, मॅडम?"

अमरीननं तिला जवळच ओढलं. कांद्यानं बुडवलं होतं आणि कांद्यानंच तारलं. मुरूम लागलेले तुकडे पोरांनी वेगळे काढले आणि आठवडाभर डबा खाऊन झाला की चिकटवत बसली. बरणी उभी राहिली, पण काठाचा एक तुकडा काही मिळेना.

वर्गातल्या समर्थची मान खाली गेली. "लई बारकी चिंगळी व्हती, ती मी बांधावर फेकली."

घरी तसंच करतात, त्याचं काय चुकलं? सगळ्या वर्गानं बांधाची माती चाळणीनं चाळली. बुचं सापडली, मडक्याचे कपचे सापडले, काठ सापडला नाही. अम्मीला काय सांगायचं, या विचारानं अमरीन घरी बरणीचा विषयच टाळू लागली.

शनिवारी जोहराबीच बरणी बघायला एसटीनं शाळेत आल्या. कुणी काही बोलायच्या आत समर्थ पुढं झाला. "आजी, तुमचा तुकडा मी फेकला. मॅडमना बोलू नका."

जोहराबींनी बरणीच्या काठावरून बोट फिरवलं. जिथं फट होती तिथं बोट थांबलं. मग त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि आतून तपकिरी काठाचा तुकडा काढला.

"ह्यो मी दिलाच नव्हता," त्या अमरीनकडं न बघता म्हणाल्या. "समदी बरणी द्यायचा जीव झाला न्हाई."

अमरीनचे डोळे भरून आले. इतके दिवस हिनं आपल्याला झुरवलं म्हणून भांडावं, की गळ्यात पडावं, तिला कळेना. जोहराबींनी तुकडा समर्थच्या हातात दिला. "लाव बाबा. आळ तुझ्यावर आला व्हता."

समर्थनं तुकडा उलटापालटा करून पाहिला. आता तो शिकला होता.

"आजी, ह्याला मातीच न्हाई. हा कुठल्या थरातला?"

"माझ्या आईच्या," जोहराबी म्हणाल्या आणि बरणी त्याच्यापुढं सरकवली.