मदतनीस, एका वर्षाकरिता

शेठने पत्र अखेर दिलं, पण हातात नाही. सुट्या भागांच्या फळीवर, ग्रीसच्या डब्याखाली ते खुपसून ठेवलं आणि जाता जाता म्हणाला, "घे बाबा. वर्षभर डोकं खाल्लंस."

शेठ म्हणजे मेकॅनिकचा थोरला साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायची कंपनी शेठची होती. मेकॅनिकला देशातून बोलावून घेतलं तेही त्यानेच, आणि कामाचा परवाना होता तो त्या एका कंपनीपुरताच. इथे कायमचं राहायचं तर सरकारला पक्क्या नोकरीचं पत्र लागत होतं. नोकरी पूर्णवेळ हवी, मुदतीची नको, आणि काम कसबी माणसाचं हवं.

पत्रात लिहिलं होतं, 'मदतनीस, एका वर्षाकरिता.'

मेकॅनिक ग्रीसने माखलेल्या हातांनीच ऑफिसात शिरला.

"दादा, हे चालणार नाही. मदतनीसाला ते कसबी कामगारात धरत नाहीत. आणि नोकरीच वर्षाची म्हटल्यावर मला कायमचं कोण ठेवून घेईल?"

"मग?"

"मी मेकॅनिक आहे. ब्रेक, दोर, मोटर, सगळं मीच बघतो."

"बघतोस ना? बघत राहा." शेठने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "आज मेकॅनिक लिहून दिलं की उद्या तसा पगार मागशील. आणि शिक्का बसला की परवा समोरच्याच्या दारात उभा राहशील. मला काय दूधखुळा समजलास?"

"नाही जाणार. शब्द देतो."

"तुझा शब्द तुझ्याजवळच ठेव. माणूस सध्या माझ्याकडे आहे, तेवढं मला पुरे."

बाहेर उभे असलेले दोघे कामगार हे ऐकून मान खाली घालून स्क्रू निवडायला लागले. मेकॅनिकच्या कानांतून वाफा निघत होत्या. परवाना शेठच्या कंपनीशी बांधलेला नसता तर त्याने ते पत्र तिथेच फाडून टेबलावर भिरकावलं असतं.

शेठच्या गॅरेजवरच्या दोन खोल्यांत मेकॅनिक आणि त्याची बायको राहत. भाड्याच्या बदल्यात ती, म्हणजे दोघी बहिणींतली धाकटी, थोरलीचं घर आणि पोरं सांभाळायची. पोरांचे डबे, शाळा, इस्त्री, सगळं. पत्राचं कळलं तशी ती तरातरा खाली गेली. थोरली पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"ताई, भावजींना सांग ना. एक शब्द तर बदलायचा आहे."

"धंद्यात मी पडत नाही."

"ऑफिसातले फोन तूच घेतेस, बिलं तूच करतेस, आणि पडत नाहीस?"

थोरलीने हातातला टॉवेल झटकला. "खाल्ल्या घरचे वासे मोजायला लागलीस का आता? इथे उतरलात तेव्हा अंगावर धड स्वेटर नव्हता तुमच्या. कोणी दिले?"

"तू दिलेस. आणि तेव्हापासून रोज फेडतेय मी. तुझ्या पोरांचे मोजे धुऊन फेडतेय!"

"मग नको धुऊस. अडवलंय कोणी?"

धाकटी वर आली ती धाडधाड पायऱ्या वाजवत. त्यानंतर दोघी एकाच अंगणात कपडे वाळत घालायच्या, पण एकीची दोरी भरली की मगच दुसरी बाहेर पडायची.

नवी वाट निघाली ती एका हॉस्पिटलात. तिथल्या लिफ्ट मेकॅनिककडेच होत्या. इमारतीची देखभाल बघणारी इंजिनिअर बाई तुसडी म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या 'गुड मॉर्निंग'नेही माणूस दचकायचा. मेकॅनिकने धीर करून तिच्याजवळ विषय काढला.

"मी उपकार करत नाही," ती म्हणाली. "कायमचा मेकॅनिक मला हवाच आहे. जाहिरात देऊन थकले. परीक्षा घेईन. नापास झालास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तिने खरोखरच परीक्षा घेतली. पुढ्यात उभी राहून, एक चकार शब्द न बोलता. आणि पत्र दिलं. त्यात सगळं होतं, जसं हवं तसं.

शेठला कळलं तेव्हा त्याने गॅरेजपुढे येऊन, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात विचारलं, "झालं का नमकहरामी करून?"

"तुम्ही दिलं असतं तर कशाला गेलो असतो?"

"खोल्या रिकाम्या करा. आजच. आणि लक्षात ठेव, नव्या पत्रानं भागत नाही. आजवर काय काम केलंस ते सरकार जुन्या मालकाला विचारतं. येऊ दे त्यांचा फोन. मदतनीस होता, तोही कामचुकार, असंच सांगणार मी."

थोरली खिडकीत उभी होती. धाकटीने वर पाहिलं. थोरलीने पडदा ओढला.

एका लॉण्ड्रीच्या मागे त्यांना खोली मिळाली. भिंतीपलीकडे यंत्रं दिवसभर धडधडायची, टेबलावरच्या कपबशा किणकिणायच्या. नवा परवाना येईपर्यंत मेकॅनिकला काम करायची बंदी. तो घरात बसून चिडचिडा झाला, नळ गळत नसतानाही खोलून पुन्हा बसवायचा. धाकटी लॉण्ड्रीत चादरींच्या घड्या घालायला लागली. "तुझ्या माहेरचा प्रताप," असं तो एकदा बोलून गेला. तिने पेला आपटला. "माहेरचा कशाला? तुमच्या साडूचा म्हणा!" मग दोघंही जेवली नाहीत.

परवाना आला, हॉस्पिटलातलं काम सुरू झालं, कायम राहायचा अर्ज गेला. उरला तो फक्त शेठला जाणारा फोन. त्या धसक्याने धाकटीला अन्न गोड लागेना.

एका दुपारी तिचाच फोन वाजला. थोरली होती.

"आज आला होता त्यांचा फोन. हे साइटवर होते. मीच घेतला."

धाकटीच्या हातातली चादर गळून पडली. "काय सांगितलंस?"

"काय होता म्हणून विचारलं. मेकॅनिक होता म्हटलं. काय काय करायचा तेही विचारलं, ते सांगितलं. एकटा दुरुस्तीला जायचा का, तर हो."

"ताई…"

"रडू नकोस. तुझ्यासाठी नाही केलं. खोटं बोलून सरकारच्या तावडीत मी सापडायचं, आणि हे म्हणणार मला काय माहीत. मी ओळखत नाही का ह्यांना?"

"भावजींना कळलं तर?"

"कळलंय. मीच सांगितलं. घरात काय व्हायचं ते होईल, ते माझं मी बघेन. तू माझ्या दारात येऊ नकोस. पोरांना फोन करू नकोस. तो स्वेटरही परत नको मला."

"ताई, एकदा भेटू या की गं बाहेर कुठेतरी."

"तू आमच्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणलीस. शेजारीण अजून माझ्याकडे बघून हसते." एवढं बोलून तिने फोन ठेवला. धाकटीने लगेच लावून पाहिला, तर उचलला गेला नाही.

कायम राहायची मंजुरी आली तेव्हा मेकॅनिकने इंजिनिअर बाईला पेढ्यांचा नाही तरी चॉकलेटचा डबा नेऊन दिला. "हे कशाला?" म्हणत तिने तो फाइलींच्या मागे ढकलला आणि विचारलं, "तिसऱ्या मजल्यावरचं दार अजून का अडकतंय?"

संध्याकाळी धाकटीने आईला फोन लावला. आईने देवाचे आभार मानले, जावयाचं कौतुक केलं, आणि मग विचारलं, "ताईला सांगितलंस ना? खूश झाली असेल."

"हो," धाकटी म्हणाली. "फार खूश झाली."

"सकाळीच बोलले मी तिच्याशी. म्हणाली, धाकटी रविवारी येऊन गेली, पोरांशी खेळली."

धाकटीने फोन या कानाचा त्या कानाला केला. भिंतीपलीकडची यंत्रं थांबली होती, त्यामुळे हळू बोलणं भाग होतं.

"हो," ती म्हणाली. "गेले होते. पोरं आता केवढी उंच झालीत, आई."