आत्याबाईंचं पायताण

दसऱ्याला आमच्या मालकांनी जीपचा जो थाट केला, तो नवरीचाही कुणी करत नाही. आरसे पुसले, बॉनेटला झेंडूचा हार घातला आणि झिजलेल्या टायरांना काळा रंग फासून नवे केले.

"वरनं कीर्तन, आतनं तमाशा! आरं मच्छिंद्रा, रंग कसला लावतूस? हवा बघ, चिरा बघ," माझ्या सासूबाई लेकाला म्हणाल्या. त्यांचं नाव जाईबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. मालक नुसते हसले. जादा चाक, म्हणजे स्टेपनी, पंक्चर काढायला तळेगाव ढमढेऱ्याला टाकली होती, तीही सणाच्या गडबडीत तिथंच राहिली.

दुसऱ्याच दिवशी गवत कापताना आत्याबाईंच्या हाताला नाग डसला.

मालकांनी जीप काढली. शिरूरच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस मिळते, एवढंच आम्हाला माहीत होतं. आत्याबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. न्हावरे गावाच्या अलीकडे, खडीवरून जाताना धाडकन आवाज झाला आणि जीप एका बाजूला बसली.

मागच्या टायराला बोटभर चीर होती. आजची नव्हे, जुनीच, रंगाखाली झाकलेली. आतली ट्यूब फाटली होती.

"दुसरी ट्यूब हाय," मालक म्हणाले, "पन हवा भरली की ती चिरीतनं बाहीर यील आन् फुटंल. आतनं काय तरी जाड घालाया पायजे."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तो रंगाचा डबा यांच्याच तोंडाला फासावा, इतका मला राग आला. पण राग गिळला, कारण आत्याबाईंच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या.

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. जीपचं पहिलं टायर निकामी झालं तेव्हा मालक ते फेकायला निघाले होते. आत्याबाईंनी अडवलं आणि बाजारातून त्याचं पायताण करून आणलं. बाभळीचा काटा त्यातून कधी आत गेला नाही. मी डाव्या पायातलं काढलं.

"अवो, ह्ये घाला."

मालकांनी पट्टे कापले आणि ते थबकले. "ह्यात चुका हायत, बारकं खिळं. एक जरी ऱ्हायली, तरी ट्यूब ग्येली."

ते टायर खोलायला बसले, मी पक्कड घेऊन चुका उपटायला. एकीकडे तोंड चालूच ठेवलं. "आत्याबाई, झोपू नगा. माझी भाकरी न्हेमी का मोडती, सांगा की."

"पीठ... मळत न्हाईस तू," त्या पुटपुटल्या. जीभ जड झाली होती. मग बोलेनातच.

सगळ्या चुका निघाल्या. बोट फिरवलं, गुळगुळीत लागलं. तरी खात्री होईना, म्हणून पायताणाचा तळवा गालावर घासला. टाचेपाशी टोचलं. मोडलेल्या चुकेचं टोक रबरात रुतून बसलं होतं. पक्कडीत येईना, तेव्हा दातांत धरून ओढलं. ओठ फाटला, पण टोक निघालं.

तळवा आत बसवून मालक पंपावर तुटून पडले. ट्यूब फुगली, चीर ताणली गेली, आतून आत्याबाईंच्या टाचेचं झिजलेलं रबर दिसलं. ट्यूब त्याच्याआडच थांबली.

डोक्यावर भरली घागर असावी तशी त्यांनी शिरूरपर्यंत गाडी नेली. मी आत्याबाईंच्या नाकापुढचा हात एकदाही काढला नाही.

लस टोचल्यावर आम्ही बाहेर बसलो. "माझ्या हातानं मारली आसती मी आईला," मालक म्हणाले. मी त्यांना नाही म्हटलं नाही. खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी उन्हं खाटेवर आली तेव्हा आत्याबाईंनी डोळे उघडले. खाटेखाली बघितलं. तिथं एकच पायताण होतं.

"डावं कुठं हाय माझं?"

"चाकात हाय, आई," मालक म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"मग रडतूस काय? त्या टायराचंच दुसरं करून आन. मी काय लंगडत घरी जाऊ?"