मागची भिंत

"दिवे लावून आलीस ना?" व्हर्नने तिसऱ्यांदा विचारलं आणि लॉरेटाचं डोकं सणकलं.

नव्हते लावले. वणव्यामुळे घर सोडताना आतबाहेरचे सगळे दिवे चालू ठेवायचे, म्हणजे धुरात बंबवाल्यांना घर दिसतं, हे त्या डोंगरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ब्यूला ट्रेलरमध्ये चढेना. पाय रोवून उभी राहिली मेली! घोडीला चुचकारता चुचकारता लॉरेटा दिवे साफ विसरली.

"विसरले. खा आता मला."

"धन्य आहेस बाई! मी जनरेटर कुणासाठी चालू करून आलो मग?" व्हर्न करवादला आणि बादली घेऊन ब्यूलाला पाणी पाजायला गेला.

दर उन्हाळ्यात जिथं बक्षिसाची डुकरं बांधतात, त्या जत्रेच्या मैदानावर आज साऱ्या डोंगराची घोडी, शेळ्या आणि माणसं येऊन पडली होती. धुरानं भरदुपारी अंधारून आलेलं. जो तो फोनमध्ये डोळे घालून बसलेला. घरच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतंय तोवर घर आहे, एवढंच प्रत्येकाला कळत होतं. लॉरेटाच्या फाटकावरचा कॅमेरा अजून दाखवत होता: पडवी, दिवाणखान्याची काळोखी खिडकी आणि आग न धरणाऱ्या सिमेंटच्या फळ्यांची नवीकोरी करडी भिंत.

"तुमचं काय बाबा, किल्ला आहे तुमचा!" शेजारचा कर्टिस म्हणाला. त्याचा कॅमेरा मघाशीच बंद पडला होता, म्हणून लॉरेटानं टोमणा गिळला.

कसला किल्ला! चाळीस हजार डॉलर ओतले, तरी तीनच भिंती झाल्या. दिवाणखान्यामागची चौथी तशीच राहिली, जुन्या देवदाराची, वाळून खडखडीत झालेली. लॉरेटा म्हणाली होती, ब्यूला विकू. गिऱ्हाईक दारात आलंही होतं. व्हर्न भडकलाच. "मागच्या भिंतीसाठी तुझी घोडी विकू? आग काय मागून येते? माझ्या उभ्या जन्मात ती दरीकडूनच आलीय!" आणि त्यानं गिऱ्हाइकाला फाटकावरूनच वाटेला लावलं. लॉरेटानं वरवर आदळआपट केली आणि मग तबेल्यात जाऊन आनंदानं रडली. हे तिनं व्हर्नला कधी सांगितलं नाही.

फोनवर काहीतरी हललं. वाऱ्याबरोबर निखारे आले होते. मुठीमुठीनं भिंतीवर आपटत होते.

"व्हर्न! अरे, इकडे ये लवकर!"

तो ओल्या बाह्यांनिशी धावत आला. दोघं श्वास रोखून बघत राहिले. निखारे फळ्यांवर आदळायचे, क्षणभर फुलायचे आणि काळे होऊन खाली पडायचे. भिंतीला काही म्हणजे काही होईना.

"बघ! बघितलंस? एक डाग नाही!" व्हर्नचा आवाज फाटला. "लोक हसत होते मला. वेड्यासारखा पैसा उधळतो म्हणे! आता हसा म्हणावं!"

लॉरेटाच्या छातीवरचं ओझं जरा हललं. देवा, एवढं एक घर राहू दे, तिनं मनात म्हटलं. कर्टिसही वाकून बघू लागला.

तेवढ्यात दिवाणखान्याच्या खिडकीत उजेड आला. मऊ, पिवळा. संध्याकाळी व्हर्न कामावरून यायच्या वेळेला असायचा, तसाच.

"अगं वेडे!" व्हर्नने तिला मिठीच मारली. "लावला होतास की दिवा! उगाच माझा जीव खाल्लास. आता बंबवाल्यांना लांबूनही दिसेल!"

लॉरेटाला तो उजेड हलताना दिसला. तिनं कर्टिसकडं पाहिलं. कर्टिसनं टोपी काढली आणि मान खाली घातली. व्हर्नचं दोघांकडं लक्षच नव्हतं. तो हसत होता, डोळे पुसत होता. पलीकडून ब्यूलानं तोंड पुढं काढून लॉरेटाच्या खांद्याला ढुशी दिली.

"लावला असेन," लॉरेटा म्हणाली आणि फोन त्याच्या हातातून काढून घेऊ लागली.

"थांब गं," व्हर्न म्हणाला, "जरा बघू दे की."