दहावी चूल

फराट्याचं चित्र आता टपाल तिकिटावर यायचं तेवढं बाकी होतं. मोर्च्यांतल्या कापडी फलकांवर ते होतं, सदऱ्यांवर होतं, चहाच्या कपांवर होतं, आणि ज्यांनी जन्मात कधी चढण चढली नाही अशांच्या दिवाणखान्यांत तर होतंच होतं. निळा डोंगर, हिरवं रान, वरच्या अंगाला पांढरंशुभ्र धुकं आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'हा डोंगर आमचा आहे.' लोक त्याच्यापुढे उभे राहून उसासे टाकत. उसाशांना तिकीट नसतं, त्यामुळे गर्दी बरी असे.

फराट्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लहानपणी त्याने डोंगरावरच्या एकूण एक भिंतीवर कोळशाचे फराटे ओढले, म्हणून ते चिकटलं. वीस वर्षांपूर्वी तो डोंगर उतरला, शहरात टायरच्या दुकानावरची खोली घेतली आणि पाट्या रंगवता रंगवता नामांकित चित्रकार झाला. डोंगरावर मात्र तो अजून फराट्याच होता.

आणि आज सुनावणीच्या खोलीत कंपनीचा वकील त्याच चित्रावर छडी टेकवून उभा होता.

कंपनीला वरच्या अंगाला दगडाची खाण काढायची होती. कायदा सोपा होता. जिथे दहा चुली पेटतात ती वस्ती, तिला हात लावायचा नाही. दहाला एक जरी कमी पडली तरी ती मोकळी जागा, खुशाल खणा. डोंगरच्या लोकांकडे सात पिढ्यांचा ताबा होता, पण कागद म्हणाल तर एक चिटोरंही नव्हतं. म्हणून त्यांनी पुराव्यात फराट्याचं मूळ भिंतभर चित्रच दाखल केलं होतं.

"साहेब," वकील सुनावणीच्या अधिकाऱ्याला म्हणाला, "चित्र यांचं, चितारीही यांचाच. वरच्या अंगाला एक तरी घर दाखवा. मला तर नुसतं धुकं दिसतंय. धुक्याला आम्ही धक्का लावणार नाही, हवं तर लेखी देतो."

कंपनीची माणसं खो खो हसली. फराट्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

डोंगरावर चित्र काढायची एक रीत आहे. चितारी चित्र काढतो, पण ते पुरं झालं म्हणायचा अधिकार त्याला नसतो. ज्या जागेचं चित्र, तिथली माणसं एकेक करून येतात, बोट ठेवतात आणि म्हणतात, "इथे मी." मग चितारी त्यांना तिथे काढतो. दुसऱ्याच्या वतीने कोणी बोट ठेवायचं नाही. फराट्याला ही रीत तोंडपाठ होती आणि म्हणूनच त्याने ती टाळली होती. एकदा माणसं आली की पत्र्याची छपरं येणार, गोठे येणार, दोरीवर वाळणाऱ्या चड्ड्या येणार. प्रदर्शनाची तारीख डोक्यावर होती आणि शहरातल्या लोकांना डोंगर आवडतो तो चड्ड्यांशिवाय. तेव्हा जिथे घरं होती तिथे त्याने पांढऱ्या रंगाचा एक हात मारला. अडलेल्या चितार्‍याला धुक्यासारखा सोबती नाही.

"धुकं म्हणे!" पहिल्या बाकावरून त्याची आत्या कडाडली. बापाची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र विशीतला. "मेल्या, जित्या माणसांवर चुना फासून मोकळा झालास की रे!"

"आजी, शांत बसा," अधिकारी म्हणाला.

फराट्या उठला. "साहेब, चित्र अपुरं आहे. चूक माझी आहे." आणि त्याने रीत सांगितली.

"वा!" वकील म्हणाला. "हरायची वेळ आली की डाव अपुरा!"

अधिकारी चार दिवस नकाशे आणि तक्ते बघून आंबला होता. तो खुर्चीत सावरून बसला. "करा पुरं. पण बोट ठेवायचं ते शपथेवर. मी स्वतः पाहणीला येणार. एक चूल खोटी निघाली, तर सगळ्याच बाद."

फराट्याने पिशवीतून रंग काढले. आत्या पहिली आली. धुक्यात बोट खुपसून म्हणाली, "इथे मी. आणि हा माझा बोकड. काळा काढ."

"आत्या, बोकडाची चूल नसते गं."

"नसेना का. मला सोबत आहे ती."

मग दोन भाऊ आले. अकरा वर्षांपूर्वी एका शिडीवरून भांडून त्यांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती आणि चुली वेगळ्या केल्या होत्या. तेव्हापासून सगळा डोंगर त्यांना हसत आला होता. आज एका घराच्या दोन चुली मोजल्या गेल्या तेव्हा लोकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. एकीला तिचं लाल पिंप हवं होतं. एकाला चड्ड्या हव्या होत्या, त्याही मोजून चार. तासाभरात त्या देखण्या चित्राचं पार वाटोळं झालं. फराट्याला आधी लाज वाटली, मग हळूहळू हात असा चालू लागला की गेल्या वीस वर्षांत तसा चालला नव्हता.

वकिलाने छडीने दोनदा मोजलं. "नऊ," तो गोड आवाजात म्हणाला. "नऊ म्हणजे दहा नव्हेत."

आत्याचं घर आणि भावांचं घर यांच्या मध्ये धुक्याचा एक तुकडा उरला होता. तिथे फराट्याच्या आईबापांचं घर होतं. छप्पर कोसळून सहा वर्षं झाली होती आणि 'पुढच्या वर्षी येतो, डागडुजी करतो' हे फराट्या सहाही वर्षं म्हणत होता. डोंगरची माणसं जमिनीकडे बघत बसली. एकानेही त्याला डोळ्याने खुणावलं नाही.

थाप मारायची सोय नव्हती. त्याची चूल खोटी निघाली तर बाकीच्या नऊही जाणार होत्या. त्याला खोली आठवली, तिची मोठी खिडकी आठवली, चोवीस तास पाणी देणारा नळ आठवला. त्याने बोट ठेवलं.

"इथे मी."

"साहेब, हा शहरात राहतो!" वकील ओरडला. "टायरच्या दुकानावर! माझ्या गाडीचं चाक तिथेच बदललंय मी!"

"राहता का हो डोंगरावर?" अधिकाऱ्याने विचारलं.

"पाहणी कधी आहे, साहेब?"

"येत्या सोमवारी."

"मग राहतो."

त्याने घर जसं होतं तसंच काढलं. छप्पर नाही, एक भिंत आडवी, स्वयंपाकघरात उगवलेलं झाड.

सोमवारी अधिकारी धापा टाकत वर आला. नऊ चुली त्याने तपासल्या, काळ्या बोकडाने त्याची फाईल चाटली. दहाव्या घराला तीन भिंती होत्या आणि छपराच्या जागी मोर्च्यातला एक फलक ताणला होता. खाली फराट्या ओल्या लाकडांवर फुंकर घालत होता. डोळे लालभडक, तोंड काळं, धूर इतका की समोरचं दिसेना.

"ही पेटलेली म्हणायची का?" अधिकारी खोकत म्हणाला.

"स्वतःच्या डोळ्यांना विचारा, साहेब."

अधिकाऱ्याने डोळे पुसत 'दहा' लिहिलं. मग फाईल मिटली. "पण असं एका दिवसापुरतं चालायचं नाही. मी कधीही येईन, न सांगता. पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी. चूल थंड दिसली, की खाणीला परवानगी."

फराट्याच्या खिशात संध्याकाळच्या बसचं तिकीट होतं. फुंकर तोंडातच राहिली.

अधिकाऱ्याने आत्याला विचारलं, "हा राहील का हो इथे?"

"त्याच्या वतीने मी कशी बोलू?" आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा वाटला. "त्यालाच विचारा."

फराट्याने तिच्याकडे पाहिलं, मग आडव्या पडलेल्या भिंतीकडे. भीती होतीच, ती कुठे जाते! पण वाटलं होतं तितकं वाईट वाटत नव्हतं.

"या, साहेब, केव्हाही या," तो म्हणाला. "फक्त येताना मूठभर खिळे आणा. छपराला लागतील, आणि इथे दुकान नाही."