ट्रेलर वळायला जागा

आमच्याकडे भाऊ जमीन वाटतात ती उभी. दोघांना रस्त्याचं सारखं डांबर, दोघांना सारखं विहिरीचं पाणी, म्हणजे उद्या कुणी कुणाला बोलायला नको. माझ्या वडिलांनी, खंडेरावांनी, चार एकर अशीच वाटली आणि गोंद्याच्या अलीकडे, हायवेला लागून दोन लांबलचक पट्टे झाले. एक मोतीदादाचा, एक दत्तूचा. रुंदी ऐंशी फूट, लांबीचं विचारू नका. मधोमध, रस्त्याच्या तोंडाशी, आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. ते आईचं, ती असेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असं वडील सांगून गेले. मला त्या भाऊबिजेला येवल्याची पैठणी मिळाली आणि मी हक्क सोडल्याची सही केली. पैठणी चांगली आहे, तक्रार नाही.

पुढे बांधावरून दोघांचं फाटलं. दत्तूने ट्रॅक्टर घालून बांध हातभर कोरला असं दादा म्हणतो. दादाने आधी कोरला असं दत्तू म्हणतो. मग बांधच नको म्हणून भिंत आली. रस्त्याकडून घराच्या पायरीपर्यंत आणि घराच्या मागून थेट विहिरीपर्यंत. सहा वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. बोलायचंच झालं तर आईच्या ओट्यावर यायचे. "आई, त्याला सांग, मोटर बंद कर," असं दादा म्हणायचा, आणि ज्याला सांगायचं तो चार हातांवर उभा. आई तेच वाक्य शिव्या गाळून पुन्हा म्हणायची. तिला दुसरं काही नको होतं. आपले डोळे मिटायच्या आधी दोघांनी एकमेकांशी तोंडाने बोलावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मी अंबडला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आहे. मोकळ्या जागा शोधणं हे माझं काम. कंटेनर, ट्रेलर, मशिनरीचे खोके, नव्या गाड्या, सगळं उघड्यावर ठेवायचं असतं. छप्पर नको, फक्त दाबलेला मुरूम, कुंपण आणि मोठं गेट. तीनेक वर्षांपूर्वी या धंद्याला असा ऊत आला होता की गेल्या हंगामात टोमॅटो उभा होता तिथे या हंगामात डंपर मुरूम ओतत होते. जन्मभर गुंठ्यात बोललेली माणसं चौरस फुटात बोलायला लागली. माझे भाऊ मागे राहतात होय! दोघांनी आपापला पट्टा सपाट केला, आपापलं गेट लावलं, आपापली पाटी लावली. ट्रेलरवाले यायचे, बघायचे आणि निघून जायचे. ऐंशी फुटांत चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर आत जातो, पण वळत नाही. त्याला उलटं हायवेवर यावं लागतं, आणि हायवेवर उलटं कोण येणार?

मीच आमच्या रविराज साहेबांना म्हटलं, दोन्ही पट्टे एकत्र घेतले तर? भिंत पडेल, गेट एक होईल, आणि निदान व्यवहारापुरते तरी दोघे बोलतील. साहेब आले, जागा फिरले आणि शेवटी बोट घराकडे केलं.

"हे मध्ये येतंय."

"साहेब, घर सोडून बाजूने गेट करू," मी म्हटलं.

"मॅडम, ट्रेलर म्हणजे स्कूटर आहे का? वळणार कुठून?"

आई ओट्यावर चहा घेऊन उभी होती. दोघे भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना. मला वाटलं, आता दादा भडकेल, वडिलांचा शब्द काढेल. दत्तूने घराकडे पाहिलं, मग सरळ दादाकडे पाहिलं.

"दादा, घर मधी येतंय."

"व्हय रे," दादा म्हणाला. "येतंय खरं."

"पाडावं लागंल."

"पाडू. जेसीबी माझ्या वळखीचा हाय."

सहा वर्षांनी हे पहिलं बोलणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "लाज वाटते का? बापाचा शब्द काय होता?" मी ओरडले. दत्तू म्हणाला, "ताई, तू सही केलेली हाय. तू मधी बोलू नको." दादाने मान हलवली. या बाबतीतही दोघांचं एकमत!

मी आईकडे वळले. तू एकदा नाही म्हण, बाकी मी बघते, असं सांगणार होते. पण आईचा चेहरा असा फुलला होता की मला पुढे बोलवेना. तिने कप खाली ठेवले आणि डोळ्यांना पदर लावला.

"पाडा रे," ती म्हणाली. "खुशाल पाडा. बोलले ना माझे पोरं!"

घर अर्ध्या दिवसात गेलं, भिंतही गेली. आई महिना दादाकडे, महिना दत्तूकडे अशी पाळी ठरली. फेब्रुवारी ज्याच्या वाट्याला आला तो खूश होता. ट्रेलर येत होते, झोकात वळत होते. दोघे भाऊ गेटपाशी एकाच बाकावर बसून तंबाखू मळायचे आणि आई लांबून बघत राहायची.

अकरा महिन्यांचा करार होता. तोवर पार वाडीवऱ्ह्यापर्यंत जो तो मुरूम टाकून बसला. जागा झाल्या उदंड आणि ट्रेलर होते तेवढेच. सिन्नरच्या बाजूला कुणीतरी फरशी, कॅमेरे आणि दिवे लावून आमच्याहून स्वस्तात जागा दिली. करार संपला तशी कंपनी तिकडे गेली. कागद मीच टाइप केले. यार्ड रिकामं झालं आणि कंपनी गेली ती कुणामुळे यावर दोघांची जुंपली. दादाच्या मते दत्तूच्या तोंडामुळे, दत्तूच्या मते दादाच्या हावेमुळे. पंधरवड्यात भिंत पुन्हा उभी राहिली, या वेळी सलग, कारण आता मध्ये घर नव्हतं. बरोबर आईच्या चुलीवरून गेली. पाळीचा हिशेब चुकला, तुझा महिना की माझा यावर भांडण झालं, आणि एका दुपारी दत्तूने आईला पिशवीसकट माझ्या दारात आणून सोडलं. दोन महिने ठेव, असं म्हणाला. त्यालाही वर्ष होत आलं.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. आई गॅलरीत बसते आणि खालून जाणारे कंटेनर बघते. परवा मी ऑफिसातून आले तर तिने मला जवळ बसवून घेतलं.

"योगे, ते दोघं बोलत्यात का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आतून चीड आली होती, म्हणून नाही बोलले.

"नाही," मी म्हटलं. "एक शब्दसुद्धा नाही."

ती माझा हात धरून, कुणी ऐकू नये अशा हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या सायबाला इचार ना, आजून एखादी कंपनी हाय का. त्यांना म्हणावं, आता मधी काय बी येत नाय."