चुन्याचे हात

सेकोन्दोने कुलपात किल्ली घातली, अर्धी फिरवून जरा वर उचलली आणि दाराला खांदा लावला. मोन्फ्रेनोच्या किल्ल्याचं दार या एकाच माणसाचं ऐकतं, असं गावात म्हणत. दार कुरकुरत उघडलं तशी किल्ला बघायला आलेली रविवारची तीनची मंडळी, पंधरा-वीस जणं, आत शिरली.

"नखं बघा आमच्या इतिहासकारांची!" मागून देल्मो ओरडला. "परवा पुन्हा तळघराला चुना फासला. पासष्ट वय झालं तरी शिडीवर चढतो. अरे, स्वतःच्या घराला कधी एवढा रंग लावला होतास का?"

देल्मो गावच्या वाइन सोसायटीचा अध्यक्ष. फेरी संपल्यावर तळघरात पाहुण्यांना वाइन चाखवायची, एवढंच त्याचं काम. पण तो पहिल्या पायरीपासून सोबत चालायचा, कारण लोक जमलेत आणि आपण बोलत नाही, हे त्याला सहन होत नसे.

लोक हसले. सेकोन्दोने हात खिशात घातले.

तसं पाहिलं तर सोसायटीला एखादा रंगारी लावणं जड नव्हतं. पण दर वसंतात तळघराच्या कमानीला चुन्याचा हात सेकोन्दोच देणार, हे ठरून गेलं होतं. सोसायटीच्या तळघरात नोकरीत होता तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही. गाव त्याचं कौतुक करायचं. कौतुक कानावर आलं की तो दुसराच विषय काढायचा, आणि चाळीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

"आधी हा बुरूज उभा राहिला," त्याने सुरुवात केली. "सरदार म्हणायचा, गावाच्या रक्षणासाठी बांधला. गाव म्हणायचं, आमच्या द्राक्षांवर नजर ठेवायला. पुढे फ्रेंच आले. पाच महिने वेढा घातला. पाच महिन्यांत गावातली वाइन संपली, तेव्हा गावानेच सरदाराला निरोप धाडला, की बाबा, आता काय तो तह करून टाक."

हे सगळं त्याच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. तरी तो आत्ताच आठवल्यासारखं सांगे. भिंतीत रुतलेले स्पॅनिश तोफगोळे त्याने दाखवले, विहीर दाखवली, आणि मंडळींना वरच्या मोठ्या दालनात आणलं. दालनाला छप्पर नव्हतं. चेस्टनटच्या तुळयांची जळकी टोकं भिंतींतून तेवढी बाहेर आली होती. एका भिंतीवर जुन्या चित्रातल्या घोड्यांचे खूर उरले होते. घोडे नव्हते, स्वारही नव्हते.

इथे सेकोन्दो नेहमी थोडा थांबे. देल्मोने शेजारच्या बाईला कोपराने खुणावलं, आता ऐका म्हणून.

"आठशे वर्षांत जे फ्रेंचांना जमलं नाही, स्पॅनिशांना जमलं नाही," सेकोन्दो म्हणाला, "ते सत्तावन्न साली आमच्या चेलेस्तीनो राखणदाराने एका पाइपात करून दाखवलं!"

दालन हशाने भरलं. हे वाक्य त्याचं स्वतःचं. अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच फेरीत ते नकळत तोंडातून गेलं, लोक हसले आणि त्याला एकदम हलकं वाटलं होतं. ज्या गोष्टीवर लोक एकदा हसले ती परत कुणी उकरत नाही. पुढे देल्मोने सोसायटीच्या बाटलीवर पाइपाचं चित्र छापलं आणि मग तर बोलायलाच नको.

सगळे खाली वाइन चाखायला गेले. एक बाई मात्र खुरांच्या भिंतीपाशी उभी राहिली. पंचेचाळीस-सेहेचाळीसची, करड्या कोटातली, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. ती हसली नव्हती, हे सेकोन्दोच्या आता ध्यानात आलं.

"सेकोन्दोकाका ना तुम्ही?"

"हो. आपण?"

"मी इल्दे. चेलेस्तीनोची."

सेकोन्दोने भिंतीला हात टेकला.

"तोरिनोहून आले. बाबा गेले, फेब्रुवारीत."

"अरेरे. कशाने?"

"छातीने. पाइपाने नव्हे हं." ती कसनुसं हसली. "त्या दिवसानंतर त्यांनी तो पुन्हा पेटवला नाही."

तिने पर्समधून हातरुमालाची गुंडाळी काढली आणि उलगडली. आत पाइप होता. एका बाजूने दातांनी झिजलेला, आतून कोरडा ठणठणीत.

"असू द्या तुमच्या संग्रहात. लोकांना दाखवायला होईल. आणि काका, गावाला एक सांगाल? बाबांनी माफी मागितली आहे. शेवटी शेवटी तेच बोलत होते. डोळा लागला, तेव्हा विझवायचा राहिला असेल, आठवत नाही, म्हणायचे. चाळीस वर्षं हेच. आई म्हणायची, आठवत नाही ना, मग सोडा. तर म्हणायचे, आठवत नाही म्हणूनच सुटत नाही."

 सेकोन्दोच्या मनातला, आगीनंतर गाव सोडून गेलेला चेलेस्तीनो इतकी वर्षं तोरिनोत बसून गावाला शिव्या घालत होता. ज्याने काही केलं नाही तो माणूस रागावणार, चिडणार, मोन्फ्रेनोच्या नावाने थुंकणार. त्या शिव्यांची सेकोन्दोला सवय झाली होती. त्या आपल्या वाट्याच्या आहेत असं तो मानायचा आणि त्यातच आपली शिक्षा भोगून होते आहे असंही मानायचा. चेलेस्तीनोने गावाचं म्हणणं खरं धरलं असेल, हे त्याच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

"गावाने केव्हाच माफ केलं आहे त्याला," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि ते त्याने स्वतःच ऐकले. इल्देचे डोळे भरून आले. तिने त्याचा चुन्याने पांढरा झालेला हात दोन्ही हातांत धरला, पाइप त्याच्या तळव्यात ठेवला आणि वरून त्याची बोटं मिटली.

"तुम्ही तेव्हाही चांगलेच होतात. आठवतं? त्या दिवशी चेंडूचा सामना होता, मला गर्दीत दिसेना, म्हणून तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. सहा वर्षांची होते मी. तुमच्या केसांना काडेपेटीसारखा वास येत होता, तो अजून लक्षात आहे माझ्या." तिने डोळे पुसले. "येते मी. चारची बस आहे."

ती दालनातून बाहेर पडली. सेकोन्दो पाइप हातात घेऊन तसाच उभा राहिला.

तो सत्तावन्न सालचा आठ सप्टेंबर होता. देवीच्या जत्रेचा दिवस, आणि पुढच्या आठवड्यात द्राक्षतोडणी. त्याआधी रिकामी पिंपं गंधकाने धुपवून ठेवायची. तारेला गंधकाची वात अडकवायची, पेटवून पिंपाच्या तोंडातून आत सोडायची, बूच मारायचं. शेंबड्या पोरालाही येणारं काम. नियम एकच, आधी पिंपात नाक घालून वास घ्यायचा. ज्यात ग्रापा, म्हणजे चोथ्याची कडक दारू, भरून ठेवली असेल त्या पिंपात ठिणगी जायला नको. सेकोन्दोने बावीस पिंपांचा वास घेतला. तेविसाव्याला वर मैदानात शिट्टी झाली, सामना सुरू होत होता, आणि त्याने वास घेतला नाही.

आधी मोठा आवाज झाला आणि मग जाळाचा लोळ. तो आडवा पडला, त्याच्या भुवया जळाल्या. ओल्या पोत्यांनी त्याने आग झोडपली, विझली असं वाटेपर्यंत. कमानीत वरच्या दालनात जाणारी एक लाकडी झडप होती, पूर्वी धान्य खाली सोडायची. तिच्याकडे त्याने मान वर करून पाहिलंच नाही. कुणी विचारलं तर हसं होईल म्हणून डोकं विहिरीवर धुतलं, टोपी घातली आणि सामन्याला गेला. दोन तासांनी किल्ल्यातून धूर निघाला. सगळ्या गावाबरोबर त्यानेही बादल्या वाहिल्या. दालनाशेजारच्या खोलीतून चेलेस्तीनोला ओढून काढलं, तेव्हा पोलिसाने विचारलं, पाइप ओढत होतास का. होतो. विझवलास का. आठवत नाही. तेवढ्यावर सगळं संपलं. त्या वेळी सेकोन्दोने तोंड उघडलं होतं, पण कुणीतरी त्याच्या हातात बादली दिली. नंतर तळघराची किल्ली त्याच्याकडेच होती. द्राक्षतोडणीच्या आत त्याने झडपेचं भोक विटांनी बुजवलं आणि कमानीवर पहिला चुना फिरवला.

तो जिना उतरून धावला. या वयात धावला असं म्हणणं जरा जास्तच, पण इल्दे फाटकाशी पोचायच्या आत त्याने तिला गाठलं.

"इल्दे, थांब. तुला तळघर दाखवायचं राहिलं."

"बस चुकेल, काका."

"चुकू दे."

तळघरात देल्मो पाहुण्यांना पाइपाच्या चित्राची बाटली दाखवत होता. "अरे सेकोन्दो, तिकडे कुठे? चारची मंडळी येतील आता!" सेकोन्दोने वळून पाहिलं नाही. मागच्या कमानीत परवाची शिडी अजून उभी होती, खाली चुन्याची बादली आणि पत्र्याची खरवडणी. तो शिडी चढला.  त्याने खरवडणी कमानीला लावली आणि ओढली.

पापुद्रे पडायला लागले. आधी पातळ, मग जाड, एकावर एक बसलेले. ते त्याच्या खांद्यांवर पडले, इल्देच्या बुटांवर पडले. तो खरवडत राहिला. आधी विटा दिसल्या, बुजवलेल्या भोकाच्या. मग भोकाभोवतीचा दगड दिसला. तो काळा होता.

तो उतरला आणि बाजूला सरकला. इल्दे शिडीच्या चार पायऱ्या चढली. दगडावरून तिने बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं.

"मी तीस वर्षं बेकरीत भट्टीपाशी काढली," ती म्हणाली. "ही काजळी खालून चढलेली आहे."

"हो."

"बाबांची खोली वर होती."

"हो."

"मग आग वरून लागली नाहीच. इथून वर गेली." ती तशीच शिडीवर उभी होती. "इथे तेव्हा कोण काम करायचं, काका?"

"मी."

त्याने सगळं सांगितलं. पिंप, शिट्टी, न घेतलेला वास, पोती. एवढ्याशा गोष्टीला चाळीस वर्षं लागली आणि सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

इल्दे खाली उतरली.

"हे सामन्याच्या आधी झालं?"

"आधी."

"म्हणजे मी तुमच्या खांद्यावर बसले होते, तेव्हा..."

"हो."

तिने हात पुढे केला. "द्या तो."

त्याने खिशातून पाइप काढून दिला. ती तो कोटाच्या बाहीने पुसत राहिली.

"फार आवडायचा हो त्यांना. रिकामाच दातांत धरून खिडकीशी बसायचे. कुणी आलं की लपवायचे. आमच्यापासूनही."

"इल्दे, मी..."

"माझी माफी मागू नका. ती माझ्याकडे नाही." तिने पाइप हातरुमालात गुंडाळला नाही, हातातच ठेवला. "वर लोक आलेत तुमचे. जा."

चारच्या मंडळींना त्याने बुरूज दाखवला, वेढा सांगितला, तोफगोळे दाखवले. आवाज नेहमीचाच होता, फक्त सरदाराच्या तहाची गंमत सांगायची राहून गेली. देल्मोही जिना चढून आला होता. आपल्या आवडीचं वाक्य चुकवणाऱ्यातला तो नव्हता. सगळे दालनात जमले. शेवटी इल्दे आली आणि खुरांच्या भिंतीपाशी उभी राहिली.

"आता ऐका हं," देल्मो कुजबुजला.

सेकोन्दोने हात खिशातून बाहेर काढले.

"आठशे वर्षांत जे फ्रेंचांना जमलं नाही, स्पॅनिशांना जमलं नाही," तो म्हणाला, "ते मी केलं. खाली तळघरात, पिंपाचा वास न घेता मी गंधकाची वात सोडली. चेलेस्तीनो झोपला होता. त्याने काही केलं नाही."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग देल्मोने मांडीवर थाप मारली.

"वा रे पठ्ठ्या! हे नवीन काढलंस!"

आणि सगळं दालन हसायला लागलं. एक म्हातारा तर खोकेपर्यंत हसला. भिंतीपाशी इल्दे पाइप हातात धरून उभी होती. ती सेकोन्दोकडे पाहत होती.

हसू पुरतं थांबेपर्यंत सेकोन्दो थांबला. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून, त्या तेविसाव्या पिंपापासून, सांगायला सुरुवात केली.